नाटक्या

मॅलोरीचा संघ क्लीव्हलँडला बास्केटबॉल खेळायला आला की व्हर्ना मुद्दाम पाहुण्यांच्या बाकामागचं तिकीट काढायची, त्याला शिव्या घालायला. हा बाबा वारा लागला तरी कोसळायचा, गुडघा धरून विव्हळायचा आणि फाउल मिळाला की टुणकन उठायचा.

"ऊठ रे नाटक्या! बाळंतीण बरी तुझ्यापेक्षा!" ती आजही ओरडली.

थोड्या वेळाने तो पुन्हा धक्का लागून पडला, पण लगेच उठला. विव्हळला नाही, पंचाकडे बघितलंही नाही.

"सुधारला वाटतं!" व्हर्नाचा नवरा कर्टिस हसला.

व्हर्ना मात्र पुढे वाकून प्रशिक्षकावर खेकसली, "अहो, बाहेर काढा त्याला! खरंच लागलंय!"

"तुला गं कसं कळलं?"

"इतकी वर्षं शिव्या घालतेय त्याला. मला नाही तर कुणाला कळणार?"