चिपसेटचा कौल

देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली कळी चिकटवून गुरवतात्या मागे वळले. “आधी माका नीट समजव. देवाक अर्धवट विचारून चालना नाय.”

निनादने समजावलं. गेमिंगच्या नव्या कॉम्प्युटरला मदरबोर्ड हवा. त्यावरचा चिपसेट ‘बी’ प्रकारचा घेतला तर आजचं भागतं, ‘एक्स’ घेतला तर पुढे बरंच काही जोडता येतं. भौतिकशास्त्राच्या या पदवीधराने महिनोन्‌महिने तक्ते मांडले, तरी निर्णय होईना. रविवारी स्पर्धा होती. तोवर कॉम्प्युटर झाला नाही, तर टीम त्याच्या जागी त्याच्या चुलतबहिणीला, मंजिरीला, घेणार होती.

“दादा, तू सावकाश ठरव हां,” मंजिरी मागून म्हणाली.

तात्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, बी घेवचो आसात तर उजवी कळी दी, एक्स घेवचो तर डावी.”

“व्हय म्हाराजा,” जमलेली माणसं म्हणाली.

उजवी कळी लगेच पडली. निनादच्या बाबांनी ऑर्डर द्यायला मोबाइल काढला. निनादने मात्र तात्यांचं उपरणं हळूच ओढलं. “एकच विचारा. पुढच्या महिन्यात नवा चिपसेट येतोय. थांबू का?”

बाबांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी नवी कळी चिकटवली आणि विचारलं: थांबायचं तर उजवी, नाहीतर डावी.

एकही कळी हलली नाही. आरतीची वेळ टळली, मंजिरीने स्पर्धेत नाव नोंदवलं, तरी कळ्या जागच्या जागी. अखेर तात्या निनादशेजारी पायरीवर टेकले.

“देव पण थांबलो रे,” ते म्हणाले. “त्याकाय नवो बघूचो आसा.”