पिराजीची पिल्लं

वर्षभराची लेक रडून निळी पडली तरी कूस न बदलणारा पिराजी पैलवान राजहंसाच्या अंड्यांसाठी मात्र टुणकन उठायचा, हे त्याच्या आईला, अंबूबाईला, सोसत नव्हतं. महिनाभर त्या पठ्ठ्यानं ट्रंकेत बल्ब लावून अंडी उबवली, हातानं उलटीपालटी केली. बाहेर येताच पिल्लांना पहिलं दर्शन झालं ते त्याच्या मिशांचं. आता ती रांगेनं त्याच्यामागं तालमीत जात नि सगळी पेठ हसे.

शेवटी तो वैतागला. "आई, ही पिल्लं तू धर. पोरीला मी घेतो."

पोरीनं मिशा बघून किंकाळी फोडली नि आजीच्या पदरात तोंड लपवलं. पिल्लं त्याच्या पायाशी येऊन बसली.

अंबूबाई म्हणाली, "आई तर झालास की रं, पिराज्या! आता सवड काढून बाप बी हो."