कोंडाजीच्या गळ्यातली नळी

गोमाजी गुरवाने कापसाची वात कोंडाजीच्या नाकाखाली धरली.

वात हलली नाही. मग त्याने ती खाली, गळ्यात बसवलेल्या चांदीच्या नळीच्या तोंडाशी नेली. तिथे ती लगेच फडफडली. ओटीवर जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

“नाकानं श्वास चालू नाय,” गोमाजीने निकाल दिला. “म्हंजे शपथ बी चालू नाय. नळी निघाली की मात्र परत लागू. देवीचं काम हाय, हयगय नाय.”

शपथ अकरा वर्षांपूर्वीची. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी एका फणसाच्या झाडावरून कोंडाजीचं थोरल्या भावाशी, सयाजीशी, वाजलं. गावदेवीच्या पायरीवर हात ठेवून कोंडाजी म्हणाला होता, “या नाकानं श्वास चालू हाय तोवर सयाजीच्या उंबऱ्याला पाय लावणार नाय.” नाते गावाच्या वरच्या आळीत दोघांची घरं समोरासमोर, मधे पंधरा पावलं आणि तोच फणस. अकरा वर्षांत तो कोणी तोडला नाही की त्याचा एक गरा खाल्ला नाही. सयाजीची बायको गेली त्या दिवशीसुद्धा कोंडाजी बाहेर अंगणातच उभा राहिला, संध्याकाळपर्यंत.

यंदा श्रावणात कोंडाजीच्या गळ्यात आतून गळू झालं. श्वास कोंडला, ओठ निळे पडले. डोलीत घालून महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवली, आणि ज्याच्या नावाने बाहेर रडारड सुरू झाली होती तो माणूस खोकला.

“आता हवा या नळीतूनच येणार-जाणार,” डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, राहीबाईला, समजावलं. “आतली नळी रोज काढून उकळायची. वरून ओलं फडकं. यांना बोलायचं असेल, साधी फुंकर मारायची असेल, तरी नळीवर बोट ठेवावं लागेल. तेव्हाच हवा तोंडाकडे जाते.”

“आणि बोट काढलं की गप?”

“गप.”

“असली नळी आधी कुटं व्हती, डाक्टर?” राहीबाई म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली.

गुरवाचा निकाल लागला त्याच दुपारी कोंडाजी पंधरा पावलं चालून गेला. सयाजीने त्याला खालीवर पाहिलं.

“पंधरा पावलांला अकरा वर्सं लागली. पाय दुखलं असतील, बस.”

कोंडाजीने नळीवर बोट ठेवलं. “तुझ्यापायी गळा कापून घ्यावा लागला, दादा.”

त्या दिवसापासून चारचा चहा सयाजीकडे ठरला. सयाजी दिवसाआड दाढी करू लागला. दोघे रोज फणसावरून भांडायचे, पण आता समोरासमोर बसून.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांचा निरोप आला. सूज उतरली आहे, सण झाला की नळी काढू.

“निघू दे रे,” सयाजी म्हणाला. “मानसानं नाकानंच श्वास घ्यावा.” त्या दिवशी त्याचा चहा तसाच राहिला.

भाऊबीज झाली आणि नवरा-बायको एसटीने महाडला गेली. सयाजी दिवसभर उंबऱ्यावर बसून होता. दिवे लागायच्या वेळी दोघं परतली. कोंडाजीच्या गळ्यात नळी होती, वर ओलं फडकं होतं. राहीबाईच्या पिशवीत नळी बांधायची दोन वार नवी फीत.

“जन्मभर ऱ्हाणार म्हनं,” तिने गोमाजीला सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला. गोमाजी हळहळला. सयाजीही हळहळला, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मग सगळं अंगवळणी पडलं. राहीबाई सकाळी अंगणात, चारचौघांसमोर नळी उकळायची. दर मंगळवारी ती देवीला नारळ वाढवू लागली. नवरा असा असल्यावर बाईला कारण कोण विचारतो? सयाजीने मात्र बसायची जागा बदलली. दारातच, बाहेरच्या बाजूला पाठ करून बसायचा. वारा बाधतो म्हणायचा.

वैशाखात फणस लागला. दोघा भावांनी मिळून तो पहिल्यांदा उतरवला.

त्या दिवशी चहा कडकडीत होता. पलीकडच्या ओटीवर गोमाजी वाती वळत बसला होता. कोंडाजीने बशी दोन्ही हातांनी धरली, फुंकर मारली, चहावरची साय पार कडेला गेली, आणि त्याने समाधानाने भुरका मारला.

सयाजी बसल्या जागी थोडा सरकला.

“कोंडू,” तो हळूच म्हणाला, “बशी एका हातानं धरत जा रे. दुसऱ्याचं बोट नळीवर हवं. नायतर गोमाजीला कळंल, नळी गळ्यात नाय, नुसती गळ्यावर बांधलीय. दिवाळीपासनं मी दाराला पाठ लावून बसतोय, मला काय वारा बाधतो?”