तिसरी हाक

दगडातला पंख माझ्या नखाएवढाच होता, पण त्याच्यावरचे बारीक दाते अजून शाबूत होते. नर रातकिडा पंखावर पंख घासतो आणि मादीला हाक मारतो. त्या दात्यांमधली अंतरं मोजून ज्युरासिक काळातली ती हाक मी कॉम्प्युटरवर पुन्हा तयार केली होती.

संध्याकाळी प्रयोगशाळेत कोडापे मॅडमना ती ऐकवली. एकच लांब, ओलसर सूर. खिडकीबाहेरच्या गवतातले रातकिडे एकदम गप्प झाले.

“बंद कर,” मॅडम म्हणाल्या.

“का? आवडली नाही?”

“आमच्या गावात तिन्हीसांजेला एका हाकेला कुणी ओ देत नाही. भूत एकदाच हाक मारतं म्हणतात. तीनदा हाक आली, तर मारणारा जिवंत असतो. मग ओ द्यावीच लागते.”

एवढी शिकलेली बाई, आणि हे! मला हसू आवरेना. “मॅडम, याला मरून सोळा कोटी वर्षं झाली. आता कोण ओ देणार?”

मी मुद्दाम पुन्हा बटण दाबलं. आणि पुन्हा.

तिसरा सूर विरला. मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. भिंतीपाशी नदीकाठून आणलेले दगड रचून ठेवले होते. काहींवर नेच्यांच्या पानांचे ठसे होते, बरेचसे अजून फोडायचे होते.

त्या न फोडलेल्या दगडांपैकी एकातून, अगदी हळू, कुणीतरी ओ दिली.