शंभरी भरली

वर्गात एकवीस म्हातारे जमले होते. सगळे सहा वर्षांचे. केसांत पावडर, नाकावर बिनकाचेचे चष्मे, हातात घरातून पळवलेल्या काठ्या. शाळेच्या वर्षाचा शंभरावा दिवस होता, आणि अमेरिकेत या दिवशी पहिलीची मुलं शंभर वर्षांची होऊन येतात.

मदतीला आलेल्या आयांमध्ये कर्स्टन मागच्या भिंतीला टेकून उभी होती. कुणाला अ‍ॅलर्जी नको म्हणून कपकेकमध्ये शेंगदाणे नाहीत ना, हे तिनं खोक्यावर दोनदा वाचलं होतं. लेकीची, हेझलची, शाल तिच्या पायात येतेय का, हेही ती बघत होती. पण खरं लक्ष होतं मिसेस लंडग्रेनकडे. वर्गातल्या खऱ्या म्हाताऱ्या त्या एकट्याच, एकाहत्तरच्या. आणि त्यांनीच काही सोंग घेतलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पहिलीची बाई सोडून गेली आणि जागा भरलीच गेली नाही. तेव्हा कधीच्या निवृत्त झालेल्या मिसेस लंडग्रेन बदली बाई म्हणून आल्या. हेझलला त्या वेळी अक्षरं उड्या मारताना दिसायची. पुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखायचं. आता ती सकाळी कॉर्नफ्लेक्सचं खोकं मागूनपुढून वाचून काढते, मगच खाते. पण पेन्शन घेणाऱ्यानं वर्षात शंभरच दिवस शिकवायचं, असा नियम होता. एकशेएकावा दिवस भरला की पेन्शन बंद. मिसेस लंडग्रेननी एकही खाडा केला नव्हता, म्हणून त्यांचेही शंभर आजच भरले. तिथंच चुकलं.

"काय आजोबा, दिवसभर करता तरी काय?" त्यांनी कोल्बीला विचारलं.

कोल्बी काठीवर आणखी वाकला. "काही नाही. मला पेन्शन मिळते. माझ्यामुळे शाळेचे सगळे पैसे संपले."

"अरे बापरे! कोण म्हणतं असं?"

"डॅड."

आया तोंड लपवून हसल्या. मिसेस लंडग्रेन सगळ्यांत मोठ्यानं. "मग निदान नाक तरी स्वतःचं स्वतः पुसा, आजोबा!"

कर्स्टनला हसू आलं नाही. पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती सुपरमार्केटच्या दाराशी उभी राहायची, बाबागाडीत हेझल, हातात सह्यांचा कागद. 'शाळेचा पैसा मुलांसाठी!' निवृत्त शिक्षकांनी पेन्शनही घ्यायची आणि पगारही, पाचही बोटं तुपात कशाला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. गावोगावच्या तसल्या कागदांचे गठ्ठे राजधानीत गेले आणि शंभर दिवसांचा नियम झाला. गावच्या पेपरात तिचा फोटो आला होता. तो फ्रिजवर लावलेला असायचा. या सप्टेंबरात तिनं तो गुपचूप काढून टाकला.

दारात मुख्याध्यापक टली उभे होते. कर्स्टननं त्यांना गाठलं. "उद्यापासून कोण?"

"जिमचे सर."

"जिमचे? वाचायला शिकवणार ते? कायमची बाई का नाही घेत तुम्ही?"

"नव्या बाईचे पैसे जुन्या बायांच्या पेन्शन फंडाचं भोक बुजवायला जातात. म्हणून जुनी बाई आणली. तिला पेन्शन मिळते, म्हणून ठेवता येत नाही." टलींनी खांदे उडवले. "नियम काही मी नाही केला, मॅडम."

कर्स्टननं मान खाली घातली.

घंटा झाली. म्हातारे काठ्या टाकून बसकडे पळाले. हेझल तेवढी मागे राहिली. तिच्या गळ्यात नाश्त्याला खायच्या रंगीत कड्यांची माळ होती, बरोबर शंभर. तिनं एक कडं तोडलं आणि कडकन चावून खाल्लं.

"आता नव्याण्णव झाले," ती मिसेस लंडग्रेनना म्हणाली. "उद्या येता येईल तुम्हाला."

मिसेस लंडग्रेननी तिला जवळ घेतलं. केसांतली पावडर त्यांच्या काळ्या स्वेटरभर झाली.

कर्स्टननं पिशवीतून एक कोरा अर्ज काढला. "नियम उठवा म्हणून नवीन सह्या गोळा करतेय. पहिली तुमची हवी." मग घसा साफ केला. "त्याआधी एक सांगायचंय. मागचा जो कागद होता ना, तो..."

"तुझाच होता. ठाऊक आहे. माझीही सही आहे त्याच्यावर."

"तुमची? तुम्ही कशाला केलीत सही?"

मिसेस लंडग्रेन खाली वाकल्या. त्यांनी हेझलच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"अगं, तेव्हा बाबागाडीत थंडीनं हिचे गाल जांभळे पडले होते. तुझ्या पानावर एकच ओळ रिकामी होती. म्हटलं, तेवढी भरली की घरी नेशील लेकराला."