न पाहिलेला निरोप

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या ऑपेरागृहात ब्लाझेनाबाईंच्या आयुष्यावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. युद्धकाळात जर्मनांची बंदी झुगारून त्या इथेच चेक भाषेत गायल्या होत्या. त्या गात असतानाच शिपायांनी विंगेतून त्यांच्या नवऱ्याला, ओताकारला, उचलून नेलं. तो परत आलाच नाही. आज म्हाताऱ्या ब्लाझेनाबाई कॅमेऱ्याशेजारी बसून ती अटक पहिल्यांदाच पाहत होत्या. ओताकार झालेला नट मुकाट दाराबाहेर गेला. “असा नाही जायचा तो,” त्या म्हणाल्या. “दाराशी मागे वळला असेल.” “बाई, तुम्ही तर रंगमंचावर होतात. तुम्हाला कसं ठाऊक?” दिग्दर्शकाने विचारलं. “ठाऊक नाही रे. पण एकदा वळव त्याला.” पुन्हा चित्रीकरण सुरू झालं. नट दाराशी थांबला, वळला आणि थेट त्यांच्याकडे बघू लागला. ब्लाझेनाबाई खुर्चीतून उठल्या. “मफलर घेऊन जा,” त्या हळूच म्हणाल्या, “बाहेर गारठा आहे.”