श्वास हुंगणारं दार

ऑपरेशन थिएटरच्या दारानं हौसाआजींचा श्वास पाचव्यांदा हुंगला. त्यांच्याच पेशींतून वाढवलेली हृदयाची झडप केव्हाची बरणीत तयार होती. पण श्वासात टीबीचा एक जंतू सापडला तरी हे दार उघडत नसे. जिल्ह्यात झडप बसवणारी डॉक्टर चित्रा एकटीच. दर वेळी ती चरफडत आजींना वॉर्डात परत नेई आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मास्क खाली ओढून ओरडे, "गोळ्या चुकवू नका!"

आज दिवा हिरवा झाला. "सुटलो बाई एकदाचे!" म्हणत चित्रा पुढे झाली आणि दार धाडकन मिटलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'रुग्णाच्या श्वासात जंतू नाहीत. डॉक्टरांच्या श्वासात आहेत.'

चित्रानं दाराला लाथ घातली. स्ट्रेचरवरून आजींनी तिचा हात धरला.

"आता तू गोळ्या चुकवू नको, पोरी. मी थांबते की."